फाशांची संभाव्यता: आधी वाक्य वाचा, मग गुणाकार करा

दोन फाशांच्या गणितात मार्क जातात ते आकडेमोड जमत नाही म्हणून नव्हे. ‘कमीत कमी १०’ वाचून ‘१० पेक्षा जास्त’ सोडवलं जातं. ‘एक तरी सहा’ म्हटलं की ‘एकच सहा’ समजलं जातं. आणि सगळ्यात महागात पडतो तो तयार ठोकताळा: ‘आणि’ दिसला की गुणाकार, ‘किंवा’ दिसला की बेरीज. हा ठोकताळा बऱ्याचदा बरोबर उत्तर देतो, म्हणूनच तो डोक्यातून जात नाही. दहावीच्या गणित भाग १ मधला संभाव्यतेचा धडा घ्या किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याची वही उघडा, चूक तीच सापडते.

साहित्य फार लागत नाही. दोन वेगळ्या रंगांचे फासे, पेन्सिल आणि लहान मुलांची चौकटीची वही. फासे तुळशीबागेत खेळण्यांच्या दुकानात मिळतात, वही अप्पा बळवंत चौकात. रंग वेगळे हवेत, यात हौसेचा भाग नाही. का ते लगेच कळेल.

३६ चौकटी

वहीत ६ आडव्या आणि ६ उभ्या चौकटींचा चौरस आखा. वरच्या बाजूला लाल फाशाचे १ ते ६, डाव्या बाजूला पांढऱ्याचे १ ते ६. प्रत्येक चौकटीत दोघांची बेरीज लिहा. हा झाला नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी. एकूण ३६ निष्पत्ती (निकाल). फासे सरळ, म्हणजे कुठल्याही अंकाकडे न झुकणारे, असतील तर यातली प्रत्येक चौकट येण्याची शक्यता सारखी, १/३६.

आता रंगांचं. लाल २ आणि पांढरा ५ ही एक चौकट, लाल ५ आणि पांढरा २ ही दुसरी. एकाच रंगाचे फासे टाकले तर डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात आणि हात आपोआप एकच मोजतो. मग दोन फाशांच्या २१ च निष्पत्ती भरतात आणि सगळी उत्तरं बिघडतात. दोन्ही फाशांवर सारखा अंक येतो, म्हणजे (३, ३) किंवा (५, ५), तिथे मात्र खरोखरच एकच चौकट असते. त्यामुळे त्या २१ निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्या शक्यतेच्या, नाहीत: (२, ५) या जोडीचं वजन २/३६ आणि (३, ३) चं १/३६. एक फासा रंगवून घ्या, मार्करने ठिपका द्या, काहीही करा, पण फासे वेगळे ओळखता आले पाहिजेत. गणितात फासे ‘एकाच वेळी टाकले’ असं म्हटलं तरी ते वेगळेच मोजायचे.

तक्ता भरला की तिरप्या रेषेत सारख्या बेरजा दिसतील. बेरीज २ एकदा, ३ दोनदा, ४ तीनदा, ५ चारदा, ६ पाचदा, ७ सहादा. तिथून उतरण: ८ पाचदा, ९ चारदा, १० तीनदा, ११ दोनदा, १२ एकदा. हा चढ-उतार पाठ करून ठेवा, परीक्षेत पूर्ण तक्ता आखायला वेळ नसतो. बेरीज ७ किंवा कमी असेल तर बेरजेतून १ वजा करा. ७ पेक्षा मोठी असेल तर ती १३ मधून वजा करा. ९ साठी १३ − ९ = ४. इतकंच.

प्रश्नातले शब्द

तक्ता समोर ठेवून हे शब्द एकेकदा सोडवून पाहा.

‘बेरीज कमीत कमी १०’ म्हणजे १०, ११, १२. चौकटी ३ + २ + १ = ६, संभाव्यता ६/३६ = १/६. ‘बेरीज १० पेक्षा जास्त’ म्हणजे फक्त ११ आणि १२. चौकटी ३, संभाव्यता १/१२. एका शब्दात उत्तर निम्मं झालं.

‘पहिल्या फाशावरील अंक दुसऱ्यापेक्षा मोठा’. इथे बेरजेचा संबंधच नाही. कर्णावरच्या ६ चौकटी सारख्या अंकांच्या, उरलेल्या ३० निम्म्या-निम्म्या. १५/३६ = ५/१२. निम्म्या म्हणून १/२ लिहिणारे बरेच असतात. ते कर्ण विसरलेले असतात.

‘बेरीज मूळ संख्या’. २, ३, ५, ७, ११. चौकटी १ + २ + ४ + ६ + २ = १५, पुन्हा ५/१२. इथे २ गाळला जातो आणि ९ घुसवला जातो. दोन्ही चुका एकाच उत्तरपत्रिकेत आल्या तर बेरीज १८ येते आणि उत्तर १/२, जे दिसायला फारच छान असतं.

‘बेरीज ३३’. दोन फाशांवर १२ च्या वर जाता येत नाही, उत्तर ०. असा प्रश्न आला तर गोंधळून जाऊ नका. अशक्य घटना ओळखता येते का, एवढंच त्यात पाहायचं असतं.

‘आणि’: गुणाकार करण्यापूर्वी एक प्रश्न

गुणाकार तेव्हाच करायचा, जेव्हा पहिली घटना घडल्याचं कळूनही दुसरीची संभाव्यता जराही बदलत नाही. अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. लाल फाशावर ६ आणि पांढऱ्यावर ६: पांढऱ्याला लालचं काही माहीत नसतं, १/६ × १/६ = १/३६. ठीक.

आता हे पाहा. ‘लाल फाशावर ६ आणि बेरीज ८’. लाल ६ ची संभाव्यता १/६, बेरीज ८ ची ५/३६, गुणाकार ५/२१६. तक्त्यात मात्र लाल ६ च्या उभ्या ओळीत ८ एकाच चौकटीत आहे, म्हणजे खरं उत्तर १/३६, अर्थात ६/२१६. गुणाकार चुकला. कारण लालवर ६ आला हे कळल्यावर ८ ची संभाव्यता ५/३६ राहत नाही, ती १/६ होते. पांढऱ्यावर फक्त २ हवा.

गंमत अशी की ८ च्या जागी ७ घेतला तर गुणाकार बरोबर येतो: १/६ × ६/३६ = १/३६, आणि तक्त्यातही एकच चौकट. लालवर काहीही येवो, ७ पूर्ण करायला पांढऱ्यावर नेमका एक अंक लागतो, त्यामुळे लालच्या अंकाने ७ वर काहीच फरक पडत नाही. बाकी कुठल्याही बेरजेला हे लागू नाही. लालवर १ आला तर ८ संपलाच. बेरीज आणि एका फाशाचा अंक एकाच प्रश्नात आले की थेट गुणाकार करू नका, चौकटी मोजा.

ल्युडोतलं ‘आणि’ जरा वेगळं, कारण तिथे क्रमही ठरलेला असतो. समोरची सोंगटी तुमच्यापासून ८ घरं पुढे आहे आणि सहा पडल्यावर आणखी एक डाव मिळतो. एकाच फाशाने, याच डावात ती मारायची तर आधी ६ आणि मग २ पडावा लागतो. आधी २ पडला तर डाव तिथेच संपतो. म्हणून १/३६. दोन फासे एकत्र टाकून बेरीज ८ मिळवायची असती तर ५/३६. ‘आठ घरं’ तीच, पण फासे टाकण्याचा नियम बदलला आणि शक्यता पाचपट झाली. नियम वाचल्याशिवाय संभाव्यता काढू नये ते याचसाठी.

‘किंवा’: दोनदा मोजलेलं वजा करा

‘लाल ६ किंवा पांढरा ६’. लाल ६ ची उभी ओळ ६ चौकटींची, पांढऱ्या ६ ची आडवी ओळ ६ चौकटींची. बेरीज १२. पण (६, ६) ही चौकट दोन्ही ओळींत आहे, ती दोनदा मोजली गेली. खऱ्या चौकटी ११, उत्तर ११/३६. तक्त्यावर पेन्सिलीने दोन्ही ओळी रंगवल्या की कोपऱ्यातली चौकट गडद दिसते. ‘किंवा’ चं सूत्र म्हणजे दोन्हींची बेरीज वजा दोन्हीत येणारं, आणि ती गडद चौकट म्हणजेच त्यातली वजाबाकी.

थोडं अवघड: ‘बेरीज ३ ने भाग जाणारी किंवा दोन्ही अंक सारखे’. बेरीज ३, ६, ९, १२ च्या चौकटी २ + ५ + ४ + १ = १२. सारख्या अंकांच्या ६. दोन्हीत येणाऱ्या (३, ३) आणि (६, ६), म्हणजे २. १२ + ६ − २ = १६, संभाव्यता ४/९.

नुसती बेरीज केव्हा चालते? दोन्ही घटना एकत्र घडूच शकत नसतील तेव्हा. बेरीज ५ किंवा बेरीज ९: ४/३६ + ४/३६ = ८/३६ = २/९. इथे वजा करायला काही नाही. या ‘एकत्र न घडणाऱ्या’ घटना आणि वरच्या ‘स्वतंत्र’ घटना यांची सरमिसळ करणारे पुष्कळ. दोन्ही शब्द ‘एकमेकांशी संबंध नाही’ असे ऐकू येतात. प्रत्यक्षात एकत्र न घडणाऱ्या घटनांचा संबंध सगळ्यात घट्ट: एक घडली की दुसरीची शक्यता शून्यावर येते. शक्यता शून्य नसलेल्या दोन घटना एकाच वेळी दोन्ही प्रकारांत बसू शकत नाहीत.

‘एक तरी’: उलट बाजूने जा

ल्युडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही. चार वेळा फासा टाकला तर एकदा तरी सहा पडण्याची संभाव्यता किती? ४ × १/६ = २/३ असं उत्तर देण्याचा मोह होतो. मग सात वेळा टाकला तर ७/६? संभाव्यता १ च्या वर गेली की समजावं, पाया चुकलाय.

‘एक तरी’ ची पूरक, म्हणजे नेमकी उलट, घटना एकच असते: एकही नाही. एका वेळी सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. चारही वेळा न पडण्याची ५/६ चा चौथा घात, ६२५/१२९६. म्हणून एक तरी सहा पडण्याची १ − ६२५/१२९६ = ६७१/१२९६, सुमारे ५१.८ टक्के. इथे गुणाकार बेधडक चालतो, कारण प्रत्येक वेळचा फासा स्वतंत्र आहे.

हाच हिशेब पुढे नेला तर: २ वेळांत ३०.६ टक्के, ३ वेळांत ४२.१, ६ वेळांत ६६.५, १० वेळांत ८३.८. नव्वद टक्के ओलांडायला १३ वेळा टाकावा लागतो. तेव्हा दहा डाव झाले तरी सोंगटी घरातच बसली असेल तर फाशाला दोष देऊ नका, दर सहा खेळाडूंमागे जवळपास एकाचं असं होणारच. आणि ‘इतक्या वेळा पडला नाही म्हणजे आता पडणारच’ यालाही अर्थ नाही. अकराव्या वेळी शक्यता १/६ च. फाशाला मागचं दान आठवत नसतं.

चौघे खेळायला बसले तर पहिल्याच फेरीत कुणाची तरी सोंगटी सुटण्याची शक्यताही ६७१/१२९६ च. एकाने चारदा टाकणं आणि चौघांनी एकेकदा टाकणं, गणिताच्या दृष्टीने एकच. काही घरांत १ पडला तरी सोंगटी काढू देतात. मग न सुटण्याची शक्यता २/३ चा चौथा घात, १६/८१, आणि कुणी तरी सुटण्याची ६५/८१, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर. लहान मुलं खेळात असतील तर हा नियम घ्यावा, रडारड कमी होते.

हा प्रश्न जुना आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या शेव्हालिए द मेरे या जुगाराच्या शौकिनाचा हिशेब असा: एका फाशाने ४ वेळांत एक सहा, तर दोन फाशांनी २४ वेळांत दोन्हीवर सहा, कारण ४/६ आणि २४/३६ सारखेच. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात हा विषय आला. १ − (३५/३६) चा २४ वा घात म्हणजे ४९.१ टक्के, निम्म्याच्या खाली. २५ वेळा टाकले तर ५०.५ टक्के. प्रमाण सारखं ठेवलं म्हणून संभाव्यता सारखी राहत नाही.

‘नेमके दोन सहा’ असा प्रश्न आला तर पूरक घटनेने काम होत नाही. पाच वेळांत नेमके दोन सहा: कोणत्या दोन वेळी पडले हे १० प्रकारे ठरतं, प्रत्येक प्रकाराची संभाव्यता (१/६)² × (५/६)³ = १२५/७७७६, एकूण १२५०/७७७६, सुमारे १६.१ टक्के. ते १० विसरलं जातं.

‘कळलं आहे की’

दोन फासे टाकले आणि ‘लालवर ६ आहे’ असं सांगितलं. दोन्हीवर ६ असण्याची संभाव्यता? एक उभी ओळ उरली, ६ चौकटी, उत्तर १/६. आता ‘निदान एका फाशावर ६ आहे’ एवढंच सांगितलं. उरल्या ११ चौकटी, त्यांत (६, ६) एक. उत्तर १/११. हे पटायला जड जातं, पण तक्ता खोटं बोलत नाही. माहिती मिळाली की तिच्यात न बसणाऱ्या चौकटी खोडायच्या आणि छेदात उरलेल्या चौकटी घ्यायच्या. छेद ३६ तसाच ठेवणं ही इथली नेहमीची चूक.

तीन फासे: अंकपाश

२१६ चौकटी आखत बसायचं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे, ठरलेल्या अंकांच्या किती वेगवेगळ्या रचना होतात याचं. तेच इथे लागतं. तिन्ही अंक वेगळे, जसे १, २, ६: रचना ६. दोन सारखे, जसे २, २, ५: रचना ३. तिन्ही सारखे: रचना १.

बेरीज ९ आणि बेरीज १० घ्या. दोन्ही सहा-सहा प्रकारे तयार होतात. ९ साठी १२६, १३५, १४४, २२५, २३४, ३३३. १० साठी १३६, १४५, २२६, २३५, २४४, ३३४. म्हणजे शक्यता सारखी? रचना मोजा. ९ साठी ६ + ६ + ३ + ३ + ६ + १ = २५. १० साठी ६ + ६ + ३ + ६ + ३ + ३ = २७. २५/२१६ आणि २७/२१६. फरक एका टक्क्याहून कमी, तरी खेळणाऱ्यांना अनुभवाने तो जाणवत होता आणि गॅलिलिओने त्याचं कारण लिहून ठेवलं. सगळा घोळ त्या ३३३ चा.

‘सर्वांत मोठा अंक ५’ या प्रकाराला एक सोपी युक्ती आहे. तिन्ही अंक ५ किंवा कमी: ५ × ५ × ५ = १२५. तिन्ही ४ किंवा कमी: ६४. फरक ६१, म्हणून ६१/२१६. एकेक रचना लिहीत बसलात तर दहा मिनिटं जातील आणि एखादी सुटेल.

सारीपाटाचे फासे लांबट असतात, आडव्या चार बाजूंवर १, २, ५, ६ असे ठिपके. टोकांवर ते उभे राहत नाहीत, म्हणून निष्पत्ती प्रत्येकी ४. तीन फाशांच्या खेळात एकूण ४ × ४ × ४ = ६४. दोन सहा आणि एक ‘पौ’ (१ चा ठिपका), म्हणजे पौबारा: रचना ३, संभाव्यता ३/६४, पाच टक्क्यांच्या आत. तीन काणे, म्हणजे तिन्हीवर एक: १/६४. पण प्रश्नात ‘बेरीज १३’ असेल तर ६, ५, २ च्या ६ रचनाही धराव्या लागतात आणि उत्तर ९/६४ होतं. पाच दानांत एकदा तरी पौबारा? १ − (६१/६४) चा पाचवा घात, सुमारे २१ टक्के.

फासा सरळ आहे का

वरचं सगळं १/६ वर उभं आहे. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या फाशात कधी आत हवेचा बुडबुडा राहतो, कधी कडा एका बाजूने जास्त घासलेल्या असतात. आधी समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ येते का पाहा. मग फासा स्टीलच्या पेल्यात हलवून शहाबादी फरशीवर १२० वेळा टाका आणि नोंद करा. (दुपारी १ ते ४ नको, खाली कुणी झोपलेलं असतं.) गादीवर किंवा सतरंजीवर टाकू नका, फासा नीट गडगडत नाही आणि हाताचा कल नोंदीत उतरतो. कडेला टेकून तिरका राहिलेला फासा मोजायचा नाही, पुन्हा टाकायचा.

प्रत्येक अंक २० वेळा अपेक्षित. नेमके २० कधीच येत नाहीत. प्रत्येक अंकासाठी २० पासूनच्या फरकाचा वर्ग घ्या, सहाही वर्गांची बेरीज करा, २० ने भागा. उत्तर ११.०७ च्या आत असेल तर फाशावर शंका घ्यायला आधार नाही. समजा नोंद १५, २२, १८, २४, १७, २४ अशी आली. वर्ग २५, ४, ४, १६, ९, १६, बेरीज ७४, भागाकार ३.७. फासा वापरा.

नोंद ११, १९, २१, २०, १७, ३२ अशी असेल तर वर्ग ८१, १, १, ०, ९, १४४, बेरीज २३६, भागाकार ११.८. इथे थांबा. १ कमी आणि ६ जास्त, आणि हे दोन अंक समोरासमोर आहेत. १ ची बाजू जड असेल तर ती खाली बसते आणि ६ वर येतो. तरी लगेच फासा फेकू नका, कारण चांगल्या फाशांपैकीही साधारण दर वीसमागे एक ११.०७ ओलांडतो. पुन्हा १२० वेळा टाका, नवी नोंद कोऱ्या पानावर ठेवा आणि जुनीत मिसळू नका.